मिक्स कापडावरचा मऊ प्रिंट: एक दोष घालवला की दुसरा का येतो?

मिक्स कापडावर स्क्रीन प्रिंट केलेल्या टीशर्टची तक्रार बहुतेक वेळा तीनपैकी एक असते. लाल किंवा मरून टीशर्टवरचा पांढरा दोन दिवसांत गुलाबी पडला. नाहीतर प्रिंट छातीवर पुठ्ठ्यासारखा ताठ बसलाय. नाहीतर सॅम्पल सुंदर होतं, शाई हाताला जाणवतच नव्हती, आणि चार धुण्यांनंतर डिझाइन अर्धंच उरलंय. शुद्ध कॉटनवर काम करणाऱ्याला यातलं फारसं काही छळत नाही. कॉटन-पॉलिएस्टर किंवा कॉटन-पॉलिएस्टर-रेयॉन असं मिक्स कापड टेबलावर आलं की मात्र हे तिन्ही दोष आळीपाळीने हजेरी लावतात.

आळीपाळीने येतात, कारण एकाचा उपाय हे दुसऱ्याचं कारण असतं. पांढरा गुलाबी पडला म्हणून तापमान उतरवलं, तर शाई कच्ची राहते आणि धुण्यात जाते. धुण्यात गेली म्हणून तापमान चढवलं, तर पॉलिएस्टरचा रंग पुन्हा वर येतो. तो दाबायला पांढऱ्याचे दोन जाड हात मारले, तर मऊपणा गेला. मऊपणासाठी शाई पातळ केली, तर खालचा गडद रंग डोकावतो आणि पांढरा राखाडी दिसतो. प्रत्येक वेळी एकच दोष समोर ठेवून एकच बटण फिरवलं जातं आणि पुढच्या ऑर्डरला दुसरा दोष निघतो. म्हणून आधी कापड ओळखायचं, मग शाई ठरवायची, मग स्क्रीनची जाळी आणि थराची जाडी, आणि तापमानाला हात सगळ्यात शेवटी लावायचा. बहुतेक ठिकाणी हा क्रम नेमका उलटा चालतो.

कापडाची ओळख

लेबलवर ५०/५० किंवा ६५/३५ लिहिलेलं असतं. ट्राय-ब्लेंड असेल तर बहुधा ५० टक्के पॉलिएस्टर, २५ कॉटन आणि २५ रेयॉन. लेबल धाग्यांचं प्रमाण सांगतं, रंग कोणत्या धाग्याला कसा दिलाय ते सांगत नाही, आणि आपल्याला हवी असते ती नेमकी हीच माहिती.

कॉटन आणि रेयॉनला बहुधा रिॲक्टिव्ह रंग असतो. तो धाग्याशी रासायनिक बंधाने जोडलेला असतो, त्यामुळे प्रिंट पक्का करायच्या ड्रायरच्या उष्णतेने उठून कुठे जात नाही. पॉलिएस्टरला डिस्पर्स रंग असतो. तो धाग्याशी जोडलेला नसतो, धाग्यात विरघळून बसलेला असतो. रंगवताना दाबाखालच्या साधारण १३० अंश सेल्सिअसच्या पाण्यात पॉलिएस्टरची रचना सैल होते, रंग आत शिरतो आणि धागा थंड झाला की अडकून पडतो. प्रिंट पक्का करायला आपण तेवढीच किंवा त्याहून जास्त उष्णता देतो. मग ज्या वाटेने तो आत गेला त्याच वाटेने बाहेर यायला लागतो. रंगाईनंतर पृष्ठभागावरचा सुटा रंग नीट धुऊन काढलेला नसेल, तर हे आणखी लवकर होतं.

म्हणून एकाच छटेचे, एकाच प्रमाणाचे दोन टीशर्ट वेगवेगळे वागतात. मेलांज (मिसळलेल्या छटांच्या) कापडात तर कधी कॉटन रंगवलेलं असतं आणि पॉलिएस्टर पांढरंच सोडलेलं असतं, तेव्हा रंग वर चढण्याची भीतीच नसते. कधी नेमकं उलटं असतं. मागच्या लॉटला काही झालं नव्हतं, हा युक्तिवाद नव्या लॉटला लागू होत नाही.

त्यासाठी हीट प्रेसवर करायची एक सोपी चाचणी आहे. पांढऱ्या शंभर टक्के पॉलिएस्टरचा हातभर तुकडा घ्या, अस्तराचं कापड चालतं. लॉटमधल्या एका टीशर्टच्या खालच्या घडीवर तो ठेवा आणि क्युरिंगला, म्हणजे शाई उष्णतेने पक्की करायला, जे तापमान देणार आहात त्याहून दहा अंश जास्त ठेवून मिनिटभर दाबा. मग तुकडा उचलून उन्हात, किंवा निदान खिडकीजवळ, पांढऱ्या कागदावर ठेवून बघा. ट्यूबलाइटखाली फिकी गुलाबी झाक दिसत नाही. तुकड्यावर शिवणीची रेघ किंवा विणीची जाळी रंगात उमटली असेल, तर हे कापड त्रास देणार हे नक्की समजा. लाल, मरून, गडद नारिंगी आणि काळ्यातले काही लॉट यात हमखास सापडतात. तुकडा कोरा राहिला तर धोका कमी आहे, संपलेला नाही. प्लॅस्टिसॉल या पाणी नसलेल्या प्लॅस्टिकच्या शाईतला प्लॅस्टिसायझर हा डिस्पर्स रंगाला ओढून घेणारा द्रव आहे, आणि ती ओढ कोऱ्या कापडाच्या तुकड्यात नसते. म्हणून पांढरा छापलेलं, नेहमीसारखं क्युअर केलेलं एक सॅम्पल घडी घालून उबदार जागी वजनाखाली तीन दिवस ठेवायचं आणि मगच बल्क सुरू करायचं. घाई असेल तेव्हा हीच पायरी गाळली जाते, आणि तक्रार नेमकी त्याच ऑर्डरची येते.

दुसरी चाचणी पाण्याची. कापडावर एक थेंब टाका. थेंब लगेच पसरून जिरला तर ठीक. मण्यासारखा उभा राहिला तर कापडावर सॉफ्टनरचं किंवा पाणी अडवणारं फिनिश आहे. असल्या कापडात वॉटरबेस, म्हणजे पाण्यातली, शाई आत शिरणार नाही, वरवर बसेल आणि धुण्यात सोलून जाईल. याला शाई बदलून काही होत नाही. कापड धुऊन घ्या, नाहीतर ते काम प्लॅस्टिसॉलवर करा.

लेबलच नसेल तर आतल्या शिवणीतला धागा चिमट्यात धरून जाळा. कॉटन कागदासारखा वास देत जळून मऊ राख होतं, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. मिक्समध्ये दोन्ही दिसतं. प्रमाण यातून कळत नाही, पण पॉलिएस्टर आहे की नाही एवढं कळतं.

पांढरा गुलाबी पडतो

ड्रायरमधून बाहेर येताना पांढरा पांढराच असतो, आणि यामुळेच बरेच जण फसतात. रंग धाग्यातून सुटून शाईच्या खालच्या बाजूला आलेला असतो. तिथून प्लॅस्टिसायझरमधून वरपर्यंत झिरपायला त्याला काही तास, कधी काही दिवस लागतात. माल पॅक होऊन गेलेला असतो आणि पेटी उघडल्यावर पांढरा गुलाबी निघतो.

यावर पहिला उपाय म्हणजे उष्णता कमी. साधं प्लॅस्टिसॉल साधारण १६० अंशांना पूर्ण पिकतं. कमी तापमानाला पिकणारी प्लॅस्टिसॉल मिळतात, ती १३० ते १४० अंशांच्या आसपास क्युअर होतात. हे वीस-तीस अंश फार मोठे आहेत, कारण डिस्पर्स रंगाची हालचाल तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. पण शाई तीच ठेवून नुसतं ड्रायरचं तापमान उतरवणं म्हणजे रंगाची तक्रार मोडून धुण्याची तक्रार विकत घेणं. तापमान उतरवायचं तर शाईच त्या तापमानाची हवी.

दुसरा, लो-ब्लीड पांढरा. यात रंग अडवणारे किंवा निष्प्रभ करणारे घटक असतात. मिक्स कापडावर हा उपयोगी आहे, पण गरज नसलेल्या कापडावर सर्रास वापरायचा नाही. यातल्या काही शायांतली रसायनं टीशर्ट गरम असतानाच थप्पीत लावले तर शेजारच्या कापडाच्या रंगावर क्रिया करतात, आणि वरच्या टीशर्टच्या पाठीवर खालच्या डिझाइनची फिकी सावली उमटते. ती धुऊन जात नाही. असं भूत एकदा दिसलं की लोक ड्रायरला, स्प्रेला, कापडाला दोष देत बसतात. खरी चूक असते ती गरम थप्पीची आणि नको तिथे वापरलेल्या लो-ब्लीडची.

तिसरा उपाय राखाडी किंवा काळा ब्लॉकर बेस, म्हणजे रंग अडवणारा खालचा थर. यातला कार्बन डिस्पर्स रंग शोषून धरतो. शंभर टक्के पॉलिएस्टरच्या खेळाच्या जर्सीला याला तोड नाही. पण आपण बोलतोय मऊ प्रिंटबद्दल, आणि राखाडी बेसवर पांढरा म्हणजे दोन थर आलेच. मिक्स कापडावर मी तो फक्त वरच्या चाचणीत तुकडा स्पष्ट रंगला तरच सुचवेन, आणि तेव्हाही गिऱ्हाइकाला आधी सांगून की प्रिंट हाताला लागणार.

थंड करण्याकडे कुणी लक्ष देत नाही. ड्रायरच्या तोंडाशी पेटी ठेवून टीशर्ट त्यात पडू दिले, तर थप्पीच्या मधल्या टीशर्टमध्ये उष्णता कितीतरी वेळ कोंडून राहते. म्हणजे तुम्ही ड्रायरमध्ये काटेकोरपणे मिनिटभर उष्णता दिली आणि पेटीने उरलेलं काम तासभर केलं. पट्ट्याच्या टोकाला पंखा लावा, टीशर्ट हाताला गार लागेपर्यंत सुटे पसरा, आणि मगच घडी घाला. फ्लॅशचं, म्हणजे दोन थरांच्या मधे शाई सुकवणाऱ्या हीटरचंही तेच. बेसला फ्लॅश देताना शाई फक्त बोटाला चिकटू नये इतकी सुकवायची असते, काही सेकंदांत. फ्लॅशखाली टीशर्ट विसरला की रंग तिथेच सुटतो, शिवाय वरचा थर खालच्या थराला नीट धरत नाही. दिवस चढतो तशी पॅलेट (टीशर्ट चढवायची फळी) तापत जाते, म्हणून सकाळी जमवलेला फ्लॅशचा वेळ दुपारी कमी करावा लागतो.

प्रिंट ताठ लागतो

मऊपणा शाईच्या डब्यावर लिहिलेला असतो, पण तो ठरतो कापडावर किती शाई पडली यावर. सॉफ्ट-हँड बेस (प्रिंट मऊ करायला शाईत मिसळतात तो) घालूनही प्रिंट ताठ येत असेल, तर डबा बाजूला ठेवा आणि जाळी बघा.

इंचाला ११० धाग्यांची जाळी, म्हणजे सेंटिमीटरला ४३, ही २३० च्या, म्हणजे सेंटिमीटरला ९० च्या, जाळीच्या दुपटीच्या आसपास शाई सोडते. पांढऱ्यासाठी म्हणून ११० ची स्क्रीन कायम टेबलाला लागलेली असते आणि मिक्स कापडाचं नाजूक कामही तिच्यावरच उरकलं जातं. गडद कापडावर बेससाठी १५६ ते २०० आणि वरच्या रंगांना २३० ते ३०५, एवढ्यावर आणा. पांढरा थोडा कमी झाकेल. त्याचा उपाय जाड थर नव्हे, तर घट्ट ताणलेली स्क्रीन, धारदार स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) आणि स्क्रीन व कापडात योग्य अंतर. जाळी सैल असेल तर ती शाई सोडून वर उठत नाही, पांढरा खरबरीत पडतो, मग दुसरा हात मारावा लागतो, आणि ताठपणा तिथून येतो. स्क्वीजीच्या रबराचा कडकपणा ७० ड्युरोमीटरच्या आसपास, कडा तीक्ष्ण. गोल झालेली कड जास्त शाई घालते, आणि बहुतेक स्क्वीजी नेमक्या गोल झाल्यावरच आपल्या हाताला सवयीच्या वाटायला लागतात.

दाबाचंही बघा. पांढरा झाकत नाही म्हणून जोर लावला, की शाई कापडाच्या आरपार ढकलली जाते, वर काहीच उरत नाही आणि उलट बाजूने ती अंगाला टोचते. प्लॅस्टिसॉल कापडाच्या वरच्या भागात बसायला हवं, त्यासाठी हलका दाब आणि जरा वेगाने हात. वॉटरबेसचं उलटं, ते धाग्यांत शिरायला हवं. दोन्ही शाया एकाच माणसाच्या एकाच हाताने मारल्या जातात तिथे दोन्हींचा निकाल मध्यम येतो.

आर्टवर्कमध्ये तर बराच मऊपणा फुकट मिळतो. डिझाइनच्या प्रत्येक भागाखाली भरीव पांढरा बेस लागत नाही. काळ्या टीशर्टवर डिझाइनमधला काळा छापूच नका, कापडाचाच काळा वापरा. गडद निळ्या, गडद हिरव्या भागांखाली बेस हाफटोनमध्ये, म्हणजे बारीक ठिपक्यांत, ३०–५० टक्के पुरतो. मोठे भरीव चौकोन असतील तर त्यांत जुनाट पोत टाकून मधेमधे कापड उघडं ठेवा. ट्राय-ब्लेंडवर हा विटलेला पोत मुळात शोभून दिसतो आणि कापडाला लवचीक राहायला जागा मिळते. डिझायनरला हे आधी सांगितलं तर दोन मिनिटांचं काम असतं, छापायला बसल्यावर सुचलं तर फिल्म आणि स्क्रीन दोन्ही नव्याने.

शाई पातळ करण्याबद्दल. साधा रिड्यूसर, म्हणजे शाई पातळ करणारा द्रव, स्वतः पिकत नाही. तो वजनाने पाच टक्क्यांच्या वर गेला की शाई कितीही तापवली तरी तेलकट आणि कच्ची राहते. मऊपणासाठी वापरायचा तो क्युअर होणारा सॉफ्ट-हँड बेस किंवा एक्स्टेंडर. तो जास्त चालतो, पण झाकण्याची ताकद त्याच प्रमाणात कमी होते. म्हणून फिक्या कापडावर खुशाल घाला, गडद कापडाच्या बेसमध्ये नको. आणि मिसळताना वजनकाट्यावर मोजा. चमच्याने, अंदाजाने मिसळलेली शाई पुढच्या ऑर्डरला पुन्हा तशीच बनत नाही.

पातळ थराचा एक फायदा इथे दोन तक्रारींना एकदम लागू पडतो. थर पातळ असला की तो तळापर्यंत लवकर तापतो, म्हणजे टीशर्टला ड्रायरमध्ये कमी वेळ राहावं लागतं, म्हणजे पॉलिएस्टरचा रंगही कमी सुटतो. रंग चढू नये म्हणून थर जाड करण्याची आपली सवय याच्या बरोबर विरुद्ध जाते. अडथळा म्हणून जाड थराला काही अर्थ आहे, पण तो पिकायला लागणारा जादा वेळ त्या अर्थावर पाणी फिरवतो.

धुण्यात निघून जातो

इथे जवळजवळ सगळा दोष मोजण्यात असतो. ड्रायरवरचा आकडा हा हवेचा किंवा हीटरचा असतो, शाईचा नव्हे. लेझरची बंदूक फक्त पृष्ठभाग वाचते आणि तोही ज्या क्षणी रोखली त्या क्षणाचा. शाईच्या थराचं तापमान हवं असेल तर तारेचा थर्मोकपल (तापमान मोजणारं साधन) ओल्या शाईत टेकवून पट्ट्यावरून पूर्ण सोडायचा आणि दर काही सेकंदांनी आकडा लिहायचा. तेवढं साधन नसेल तर रंग बदलणाऱ्या तापमान-पट्ट्या मिळतात, त्या कापडावर प्रिंटशेजारी चिकटवून सोडा.

वॉटरबेस शाईच्या बाबतीत हे मोजून पाहणं डोळे उघडणारं असतं. थर्मोकपल आत गेला की आकडा भराभर चढतो आणि शंभरच्या खालीच कुठेतरी अडकून बसतो. बराच वेळ तिथेच. कारण तोवर उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होत असते. पाणी संपलं की मगच आकडा पुन्हा वर जातो, आणि बाईंडर (रंग कापडाला बांधणारा घटक) पिकायची सुरुवात खरी तिथून होते. ड्रायरमध्ये मिनिटभर ठेवलं म्हणजे मिनिटभर पिकलं असं होत नाही. कधी कधी त्यातले शेवटचे दहा-पंधरा सेकंदच कामाचे असतात. म्हणून वॉटरबेसला दीड-दोन मिनिटं किंवा जास्त लागतात आणि सोबत वाहती हवा लागते. नुसत्या लाल हीटरखाली वाफ तिथेच घुटमळत राहते.

कापडात मुळात किती पाणी आहे हाही हिशोब यातच येतो. सर्वसाधारण हवेत कॉटन आपल्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के ओलावा धरतं, रेयॉन १३ टक्क्यांच्या आसपास, आणि पॉलिएस्टर जेमतेम ०.४. त्यामुळे ट्राय-ब्लेंडमधलं पॉलिएस्टर लगेच तापून रंग सोडायला तयार होतं, आणि शेजारचं रेयॉन अजून आपलं पाणी घालवत बसलेलं असतं. दमट दिवसांत सेटिंग तेच असून प्रिंट कच्चे निघतात ते यामुळे. कोरे टीशर्ट आधी एकदा ड्रायरमधून हलक्या आचेवर काढले तर ओलावा जातो आणि कापड जे काही आकसायचं ते छपाईआधीच आकसतं. अनेक रंगांच्या कामात हा दुसरा फायदा जास्त मोलाचा ठरतो.

कमी तापमानावर वॉटरबेस पक्कं करायचं असेल तर फिक्सर घाला. प्रमाण डब्यावर दिलेलं असेल तेवढंच, बहुधा दोन ते चार टक्के. फिक्सर घातलेली शाई दुसऱ्या दिवशी वापरायची नाही. डब्यात ती पातळ दिसते, पण तिची बांधण्याची ताकद गेलेली असते आणि जाळीत बसली तर स्क्रीनही जाते. काही फिक्सरांचं काम खोलीच्या तापमानाला पुढे दोन-तीन दिवस चालू राहतं, त्यामुळे छापल्या छापल्या धुऊन बघितलेलं सॅम्पल खोटं नापास होऊ शकतं.

हीट प्रेसवर वॉटरबेस पिकवणारे खूप आहेत. चालतं, पण आधी फ्लॅशखाली किंवा हवेवर पूर्ण सुकवून. ओला प्रिंट बंद केला तर वाफ कोंडून प्रिंट फुगतो आणि उठतो. मधे सिलिकॉनचा कागद ठेवा आणि दाब हलका, नाहीतर पॉलिएस्टरवर प्रेसच्या कडेची चकाकती चौकट कायमची उमटते.

प्लॅस्टिसॉल पिकलंय का ते पाहायला प्रिंट दोन्ही हातांनी ताणतात. तडे गेले तर कच्चं. पण मऊ, पातळ, हाफटोनच्या प्रिंटमध्ये तडे दिसायला जागाच नसते, तिथे ही परीक्षा काही सांगत नाही. धुऊन बघणं हाच निकाल. एक टीशर्ट अर्धा कापा, अर्धा पाच वेळा गरम पाण्यात धुऊन वाळवा, अर्धा कोरडा ठेवा, आणि दोन्ही शेजारी ठेवा. पहिल्या धुण्यानंतर पांढऱ्यातून बारीक तंतू उभे राहून प्रिंट विटका दिसत असेल, पण शाई जागेवर असेल, तर तो क्युरिंगचा दोष नाही. खालचे तंतू नीट बसवले गेले नव्हते. बेसनंतर एक कोरी, गुळगुळीत स्क्रीन फिरवून तंतू दाबले की हे बरंच कमी होतं.

डिस्चार्जच्या नादी लागताना

मऊ प्रिंट म्हटलं की कुणीतरी डिस्चार्ज सुचवतंच. गडद कॉटनवर त्याच्याइतकं मऊ काही नाही हे खरं, कारण तो शाईचा थर देण्याऐवजी कापडाचा रंगच काढतो. पण काढतो तो कॉटन आणि रेयॉनमधला रिॲक्टिव्ह रंग. पॉलिएस्टरला तो हातही लावत नाही. ५०/५० कापडावर पांढरा मागितला तर निम्मे धागे उजळतात, निम्मे तसेच राहतात, आणि मिळते ती धुरकट, जुनी झाक. त्याच झाकेसाठी काम घेतलं असेल तर उत्तम, ट्राय-ब्लेंडवर ती फार छान दिसते. झगझगीत पांढरा किंवा ब्रँडचा ठरलेला लाल हवा असेल तर हा रस्ता नाही.

कॉटनमध्येही सगळे रंग सुटत नाहीत. फिरोजी, काही हिरवे आणि रॉयल निळे हटून बसतात. टीशर्टच्या आतल्या घडीवर थोडी शाई लावून प्रेसखाली धरली की दोन मिनिटांत कळतं. डिस्चार्जच्या शाईत रंग काढणारा ॲक्टिव्हेटर वजनाने साधारण चार ते सहा टक्के, आणि मिसळलेली शाई त्याच पाळीत संपवायची, कारण काही तासांत तिची ताकद जाते. छापलेला टीशर्ट बाजूला ठेवून चहाला जायचं नाही. ही क्रिया ओलावा आणि उष्णता एकत्र असतानाच होते, टेबलावर वाळलेला प्रिंट ड्रायरमध्ये जाऊन अर्धवट उजळतो, आणि मग एकाच डिझाइनमध्ये दोन छटा येतात.

ॲक्टिव्हेटर म्हणजे झिंक फॉर्माल्डिहाइड सल्फॉक्सिलेट. ड्रायरमधून निघणारा वास हा नुसता वास नाही. एक्झॉस्ट बाहेर काढलेला नसेल, हातमोजे नसतील, तर हे काम घेऊच नये. बंद खोलीत खिडकी उघडी ठेवणं म्हणजे एक्झॉस्ट नव्हे. आणि टीशर्ट पहिल्यांदा घालण्याआधी धुवा, ही चिठ्ठी प्रत्येक नगाबरोबर जायला हवी.

उरलेलं थोडं

ट्राय-ब्लेंड पातळ आणि ताणणारं असतं. पॅलेटवर चढवताना ते ओढलं गेलं, की छापल्यावर आकसून गोल लंबगोल होतो आणि रंगांच्या कडा सुटतात. गोंद जरा जास्त लावा, टीशर्ट ओढू नका, हाताने टेकवून बसवा. काढतानाही एका कोपऱ्यातून खेचायचं नाही, कारण ओल्या वॉटरबेसखाली भिजलेलं रेयॉन नेहमीपेक्षा कमकुवत असतं.

वॉटरबेस जाळीत सुकून बारीक रेषा बंद होत असतील, तर शाईत पाणी ओतत राहू नका. प्रत्येक हातानंतर जाळीवर शाईचा पूर्ण थर पसरून ठेवा, रिटार्डर (सुकणं लांबवणारा द्रव) डब्यावर दिलेल्या प्रमाणात घाला, आणि टेबलावरचा पंखा स्क्रीनपासून वळवा. इमल्शनही (स्क्रीनवर डिझाइन उठवणारा लेप) पाणी झेलणारं हवं, नाहीतर पन्नासाव्या नगाला कडा विरघळायला लागतात आणि दोष शाईवर जातो.

प्रत्येक लॉटची एक ओळ वहीत लिहून ठेवा: कापडाचं प्रमाण आणि लॉट नंबर, पांढऱ्या तुकड्याच्या चाचणीचा निकाल, जाळी, शाई आणि तिच्यात काय किती घातलं, थर्मोकपलने मोजलेलं शाईचं सर्वांत जास्त तापमान, पट्ट्याचा वेळ, आणि त्या दिवशी हवा दमट होती की कोरडी. चाचणीचा पांढरा तुकडाही टाचणीने त्याच पानाला लावा. तक्रार आली की आधी ते पान उघडा. गुलाबी पडलेल्या लॉटचा तुकडा कोरा असेल तर थप्पी आणि फ्लॅश तपासा, तुकडाच रंगलेला असेल तर शाईची निवड चुकली होती, ड्रायरचं बटण फिरवून ती सुधारणार नाही.